बाजारात गेलो नाही, नवं जनावर आणलं नाही. मग लम्पी गोठ्यात आला कुठून?

मुळाकाठची

नमस्कार मंडळी. अकोले तालुक्यात आमचा छोटा गोठा आहे. तीन एचएफ (होल्स्टीन), एक गावठी गाय आणि एक कालवड. परवा कालवडीने वैरण सोडली. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, हात लावला तर अंग भट्टीसारखं. दुसऱ्या दिवशी मानेवर आणि पाठीवर सुपारीएवढ्या गाठी, पुढचा एक पाय सुजलेला, गळ्याखालची पोळीही सुजलेली. डॉक्टर येऊन गेले. लम्पीच म्हणाले, तो गाठींचा त्वचारोग.

माझं डोकं चालेनासं झालंय. आम्ही बाजारात जात नाही. वर्षभरात नवं जनावर आणलेलं नाही. दूध घालायला मी स्वतः केंद्रावर जाते, कुणी आत येत नाही. मग हा आला कसा? हवेतून येतो का?

दुसरं म्हणजे डॉक्टर म्हणाले, व्हायरस आहे, यावर औषध नाही. आणि लगेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. औषध नाही तर मग ते कशाला?

तिसरं. चार गाईंना मागच्याच आठवड्यात लस झाली. कालवड त्या दिवशी वरच्या वावरात बांधलेली होती, ती राहिली. सासरे म्हणतात लसीतूनच गोठ्यात रोग शिरला. सासूबाईंनी नातवाचं दूध बंद केलंय. घरात तीन मतं आहेत आणि दूध काढणारी मी एकटी.

खरं बोलू का

सासरे बरोबर बोलतायत. आमच्या गल्लीत लस देऊन गेले आणि आठवड्यात गाठी सुरू. व्हायरस म्हटला की हवेतून येणार, कोरोना बघितला ना आपण. गोठ्याला चारी बाजूंनी पडदे लावा, कापूर न कडुनिंब जाळा, आल्यागेल्याला मास्क लावायला सांगा.

दावणीवरचा माणूस

ताई, आधी कालवडीचं बघू. तिला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नाही, गोठ्याबाहेर बांधा. जमलं तर मच्छरदाणीखाली. तिची बादली, तिचं घमेलं वेगळं. आधी बाकीच्या गाईंचं सगळं उरकायचं, तिच्याकडे शेवटी जायचं आणि मग हातपाय धुऊन घरात. पाणी आणि मऊ हिरवा चारा तोंडापाशी द्या. तोंडात फोड असतील तर कोरडी वैरण तिला खाववणार नाही.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. नोकरी सगळी लोकांच्या दावणीवर गेली. तुमचा प्रश्न प्रत्येक गावात ऐकलाय, "जनावर आणलं नाही" या वाक्यासकट. जनावर आणलं नाही, मान्य. पण माशी आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

उद्या उन्हं वर आली की गाईंच्या पायांकडे बघा, गुडघ्याच्या खाली. घरमाशीसारखीच करड्या रंगाची माशी दिसेल, पण तोंड वर करून बसलेली. घरमाशीची सोंड खाली वळलेली असते, ती चाटून खाते. हिची सोंड सरळ पुढे आलेली आणि ताठ असते. ही चावरी माशी. हिच्यात नर आणि मादी दोघंही रक्त पितात. चावा चांगलाच झोंबतो, म्हणून गाय पाय आपटते, शेपटी मारते. माशी अर्धपोटी उडते आणि शेजारच्या गाईवर बसून जेवण पुरं करते. पहिली गाय लम्पीची असेल तर गाठीतला रस सोंडेला लागलेला असतो, तोच दुसरीच्या कातड्यात जातो. न धुतलेली सुई एका जनावरातून काढून दुसऱ्यात टोचावी, तसा प्रकार आहे.

डास आणि गोचीडही हे काम करतात. डेंग्यूचं गणित मात्र वेगळं. तो विषाणू डासाच्या अंगात शिरून आधी तिथे वाढतो, मग लाळेत उतरतो, त्यात आठवडा-दीड आठवडा जातो. लम्पीच्या विषाणूला माशीच्या पोटात वाढायची गरजच नाही. सोंडेवर बसून गेला की झालं.

तेव्हा शेजारच्या वस्तीवर, ओढ्यापलीकडे, कुणाच्या तरी गोठ्यात गाठी आलेली गाय असणार. चौकशी करा. आणि चौकशी आजची करू नका, दोन-तीन आठवड्यांपूर्वीची करा. विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायला साधारण चार ते चौदा दिवस जातात, कधी चार आठवडेही. माशी एका उडीत तालुका ओलांडत नाही. लांबचा प्रवास हा रोग ट्रकमधल्या जनावराबरोबर करतो आणि गावातल्या गावात माशी त्याला दारोदार पोचवते.

आता पडदे आणि मास्क. "खरं बोलू का" यांनी सांगितलेलं अगदीच बिनबुडाचं नाही, फक्त रोग चुकलाय. लाळ्या खुरकूत, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड येणारा रोग, आली असती तर मी वेगळं सांगितलं असतं. तो विषाणू लाळेतून, श्वासातून, दुधातून बाहेर पडतो. एकच गव्हाण, एकच हौद, दुधाचा कॅन, डॉक्टरची चप्पल, मोटरसायकलचं चाक, सगळ्यावर बसून जातो. थंड दमट हवेत वाऱ्याबरोबरही जातो. तिथे फाटकाशी धुण्याच्या सोड्याचं चार टक्क्यांचं पाणी ठेवून पाय बुडवायला लावणं अगदी योग्य. लम्पीत एका हौदावर पाणी पिऊन, लाळेतून थोडंफार पसरतं, नाही असं नाही, पण मुख्य रस्ता तो नव्हे. लम्पीला तुम्ही फाटक बंद केलंत आणि मागचा उकिरडा तसाच ठेवलात, तर फाटकाचा उपयोग शून्य.

ही माशी अंडी घालते ती शेणामुतात भिजून कुजलेल्या वैरणीत. गव्हाणीखाली उरलेली कुट्टी, सायलेजच्या (मुरघासाच्या) खड्ड्याची कड, मुतारीची नाली तुंबते तो कोपरा. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत अंड्याची माशी होते. नुसत्या ताज्या शेणापेक्षा हा कालवलेला चिखल तिला जास्त मानवतो. तो कोपरा शोधा, पसरून उन्हात वाळवा. धूर करायचा तर संध्याकाळी करा, चावणारे किडे तेवढा वेळ लांब राहतात. विषाणू त्याने मरत नाही. कापूर देवापुढे जाळा.

पेट्रीडिश

अँटिबायोटिकवर मी लिहिते. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि दरवर्षी पहिल्या तासाला मुलं हाच घोळ घालतात.

जीवाणू ही पूर्ण पेशी आहे. तिला स्वतःची भिंत असते, स्वतःचं खाणं पचवणं असतं, प्रथिनं बनवणारी स्वतःची रायबोसोम असतात. पेनिसिलिन तिची भिंत बांधू देत नाही. गोठ्यात सर्रास वापरलं जाणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन तिच्या रायबोसोमला अडवतं. विषाणूला भिंतही नाही आणि रायबोसोमही नाही. प्रथिनाच्या आवरणात गुंडाळलेला डीएनए किंवा आरएनए, काहींवर चरबीचा आणखी एक पापुद्रा, बस. जनावराच्या पेशीला चिकटतो, आत जातो आणि तिच्याच रायबोसोमवर आपली प्रथिनं तयार करून घेतो. म्हणजे अँटिबायोटिकला नेम धरायला विषाणूत जागाच नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले औषध नाही.

मग इंजेक्शन कशाला? गाठ फुटते, तिथे खोल जखम होते, त्यात जीवाणू शिरतात. फुप्फुसात शिरले तर न्यूमोनिया होतो. इंजेक्शन त्या दुसऱ्या शत्रूसाठी आहे. योग्यच दिलंय.

लम्पीचा विषाणू देवीच्या रोगाच्या घराण्यातला. डीएनएवाला आणि विषाणूंच्या मानाने धिप्पाड, म्हणजे एका मिलिमीटरचे तीन हजार भाग केले तर त्यातला एक भाग. लाळ्या खुरकुताचा याच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि आरएनएवाला. आरएनए विषाणू नकला काढताना चुका फार करतात आणि बहुतेक जण त्या दुरुस्तही करत नाहीत, त्यामुळे त्यांचं रूप भराभर बदलतं. लाळ्या खुरकुताचे सात प्रकार आहेत, आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-१ हे तीन चालतात. एकाची लस दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, म्हणून लसीत तिन्ही घालतात आणि दर सहा महिन्यांनी टोचतात. देवीच्या घराण्यातले मात्र इतके जवळचे नातेवाईक की शेळीच्या देवीची लस गाईला लम्पीपासून वाचवते. आपल्याकडे तीच वापरली.

जाता जाता एक सांगते, कारण गोठा असलेल्यांना हे माहीत असायला हवं. प्राण्यांमधला पहिला विषाणू सापडला तो लाळ्या खुरकुताचाच. 1898 साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश या दोघांनी आजारी जनावरांच्या फोडांतलं पाणी घेतलं आणि जीवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळलं. गाळून खाली आलेल्या स्वच्छ पाण्याने वासरं आजारी पडली. कुणी म्हणेल, त्यात विष असेल. पण त्या वासरांच्या फोडांतलं पाणी घेऊन पुढच्यांना टोचलं, त्यांचं आणखी पुढच्यांना, तरी रोग ओसरेना. विष असतं तर दर वेळी पातळ होत संपलं असतं. म्हणजे जे काही होतं ते गाळणीतून जाण्याइतकं बारीक होतं आणि आत जाऊन वाढत होतं. डोळ्यांना ते दिसलं त्यानंतर कित्येक वर्षांनी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर. मला हा प्रयोग अजून फार आवडतो. गाळणी आणि वासरं, एवढ्यावर केवढा शोध!

खरं बोलू का

मॅडम, शोध राहू द्या. आमच्या गल्लीत लसीनंतरच आला, हे डोळ्यांनी बघितलंय. त्याचं काय?

दावणीवरचा माणूस

बघितलं असेल, खोटं म्हणत नाही. पण लसवाले तुमच्या गल्लीत कधी आले ते बघा. एरवी न येणारी माणसं त्या आठवड्यात का आली? कारण पाच किलोमीटरच्या आत कुठेतरी लम्पी सापडला होता. सापडला की त्याच्याभोवती रिंगण धरून निरोगी जनावरांना टोचत सुटायचं, अशीच पद्धत आहे. म्हणजे लस आली तेव्हा काही गाईंच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला होता. लसीला काम करायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याच्या आत गाठी येणारच. टोचल्या जागी सूज, एखादा दिवस ताप, दूध थोडं उतरणं, एवढं लसीचं. अंगभर गाठी हा रोग.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने बोलतो, कारण ती मी पाहिलीय आणि तिच्यावरून भांडलोही आहे. गावात रोग असताना एकाच सुईने अख्खी दावण टोचत जाणारे लोक असतात. खासगीतलेही आणि इतरही. आजारी जनावराला सलाइन लावून तीच सुई पुसून पुढच्याला. चावरी माशी जे सोंडेने करते ते हा माणूस सुईने करतो, आणि वर फी घेतो. तेव्हा ताई, कोण टोचायला आलं तरी प्रत्येक जनावराला नवी सुई. मागायला लाजू नका. सुई स्वतः मेडिकलमधून आणून ठेवा, मी तर तेच सांगत आलोय.

रावेरकर

आम्ही जळगाव जिल्ह्यातले. 2022 च्या त्या मोठ्या लाटेत राज्यात पहिली नोंद आमच्याच रावेर तालुक्यात, चिनावलला झाली. ऑगस्टचा पहिला आठवडा होता. तोवर राजस्थान, गुजरातचे फोटो मोबाइलवर बघत होतो. मग बाजार बंद, शर्यती बंद, जनावराची गाडी दिसली की अडव. पोळा तोंडावर आलेला आणि बैल एकत्र करायचे नाहीत असा आदेश. लोक चिडले होते. त्या वर्षी बैल घरच्या घरी पुजले, मिरवणूक नाही.

माझा एक बैल गेला. गाठींनी नाही, छातीत भरून गेला, श्वास घेताना घरघरायचा. सरकारने तेव्हा दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार अशी भरपाई ठरवली होती. मिळाली, पण पंचनाम्याच्या आधी पुरू नका, फोटो आणि कानातला बिल्ला सांभाळा. ताईंना हे लागू नये, पण माहीत असलेलं बरं. पुरताना खड्डा खोल आणि वरून चुना. कातडं कुणी मागायला आलं तरी देऊ नका.

एक शंका मलाही आहे. आमच्याकडे त्याच गोठ्यातल्या म्हशींना काही झालं नाही. त्यांची कातडी जाड म्हणून का?

पेट्रीडिश

कातडीच्या जाडीवर सगळं ढकलता येणार नाही. म्हशींना लागण होते पण क्वचित, आणि होते तेव्हाही सौम्य. कुठला विषाणू कुठल्या प्राण्यात घर करतो हे बऱ्याच अंशी आत ठरतं. पेशीत शिरता आलं पाहिजे, शिरल्यावर तिथली यंत्रणा चालवता आली पाहिजे आणि त्या प्राण्याच्या प्रतिकारशक्तीला चुकवता आलं पाहिजे. याच कारणाने लम्पी माणसाला होत नाही. चावऱ्या माशा आपल्यालाही चावतात, विषाणू आपल्याही कातड्यात टोचला जात असेल, पण इथे त्याचं काही चालत नाही.

हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला 1929 मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात. तिथल्या लोकांना आधी वाटलं की विषारी झाड खाल्लं असेल, नाहीतर किडे चावल्याच्या गांधी असतील. संसर्ग आहे हे लक्षात यायला 1940 चं दशक उजाडलं. किड्यांवरचा संशय तसा बरोबर होता, किडा रोग पोचवत होता एवढंच कळायचं राहिलं होतं. भारतात 2019 मध्ये ओडिशात आला आणि 2022 मध्ये दीड लाखाहून जास्त गोवंश घेऊन गेला. शंभरात दहा-वीस जनावरांना लागण आणि शंभरात एक ते पाच मृत्यू असं पुस्तकात असतं, पण आकडा वासरांवर आणि संकरित गाईंवर जास्त पडतो.

मुळाकाठची

सगळ्यांचे आभार. आज सकाळी पाय बघितले. आहेत माश्या, तोंड वर करूनच बसतात! इतकी वर्षं दूध काढतेय, पाय आपटते म्हणून गाईलाच शिव्या घालत होते.

चौकशी केली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दोन गाईंना गाठी येऊन गेल्या, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गव्हाणीमागे सायलेजचं पाणी साठतं, तो कोपरा उपसायला घेतलाय.

आता उरलेलं विचारते. मुलाला दूध देऊ का? कालवड बरी झाली की तिला लस द्यायची का? आणि बाकीच्या चौघींना लस होऊन जेमतेम आठवडा झालाय, त्यांचं काय? जखमेला हळद लावली तर चालेल का? एकीने विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ वाटून चाटवायला सांगितलंय.

दावणीवरचा माणूस

दूध द्या. निरोगी गाईचं आहे आणि उकळून देताय. लम्पीचा विषाणू 65 अंशाला अर्ध्या तासात मरतो, उकळीपुढे त्याचा निभाव लागत नाही. आणि माणसाला हा रोग नाही हे मॅडमनी सांगितलंच. कच्चं दूध तर एरवीही मुलाला देऊ नये, त्याची कारणं वेगळी आहेत. सासूबाईंना सांगा की गाय आजारी पडली तर दूध आपोआप आटेल, तोवर नातवाचं का तोडता.

चौघींना रोज सकाळी थर्मामीटर लावा. 102.5 च्या वर गेला की गाठींची वाट न बघता डॉक्टरांना फोन. खांद्याच्या पुढे कातड्याखाली गाठ हाताला लागते का तेही बघा, तापाबरोबर ती फुगते. या आठवड्यात माशी आवरली तर लसीला तेवढा वेळ मिळेल. अंगावर एकही गाठ न आलेली गाय रोग फारसा पसरवत नाही. पसरवते ती गाठी असलेली, कारण विषाणू सगळ्यात जास्त त्या कातड्यात असतो. म्हणून सगळा बंदोबस्त कालवडीभोवती करा, बाकीच्यांच्या मागे धावू नका.

कालवड बरी झाली की तिला लगेच लस नको, तिची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार झालेली असेल. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारा. चौघींना मात्र वर्षाने परत द्यायची, आणि पावसाच्या आधी, माशी वाढल्यावर नाही.

पानं, मिरी, गूळ चाटवा, खाईल तर खाऊ दे. विषाणू त्याने मरत नाही, पण तोंडाला चव आली आणि वैरणीला तोंड लावलं तर तोही फायदाच. घशात बळजबरीने ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. हळद तेलात कालवून जखमेला लावा, चालेल. जखम उघडी राहिली तर दुसरी माशी येऊन अंडी घालते आणि आत अळ्या होतात, त्याचं बघा. रोज दोनदा जखम धुवायची, वास आला की समजायचं आत काहीतरी आहे.

गाठींच्या खपल्या पडतील त्या तिथेच लाथाडू नका. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभर टिकतो. गोळा करून जाळा. जमीन फिनाईलने किंवा दोन-तीन टक्के सोडियम हायपोक्लोराइटने धुवा, पण आधी शेण खरवडून काढा. शेणावर ओतलेलं औषध शेणातच मुरतं.

मुळाकाठची

माश्यांसाठी डॉक्टरांनी फवारायचं औषध लिहून दिलंय. गाईंच्या अंगावर मारायचंय. दूध काढायच्या आधी मारू की नंतर?

दावणीवरचा माणूस

नंतर. आणि कास सोडून. पायांवर, पोटाखाली, शेपटीच्या बुडाशी जास्त. पाण्यात किती घालायचं ते बाटलीवर असेल तेवढंच, अंदाजाने टोपण ओतू नका. दूध किती वेळ घालायचं नाही तेही त्याच बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढा वेळ ते डेअरीला घालू नका आणि घरातही वापरू नका. गव्हाण आणि पाण्याचा हौद आधी झाका. वारा तुमच्या पाठीमागून असू द्या, तोंडाला फडकं बांधा. मास्क लागतो तो इथे.